तीन अक्षरांचा संशय

गेले दोन आठवडे हा कॉलम गायब होता. कुणी म्हणालं, डोहाळे लागले असतील. कुणी म्हणालं, संपादकांशी वाजलं असेल. दोन्ही नाही. (म्हणजे डोहाळे आहेत, पण ते ओल्या भेळेचे. कॉलम बुडवण्याइतके नाहीत.) खरं कारण लिहू की नको, या विचारात तीन वेळा फाइल उघडली आणि तीन वेळा बंद केली. शेवटी म्हटलं, आपण बॉसवर लिहितो, ट्रॅफिकवर लिहितो, सासरच्या गणपतीवर लिहितो, मग यावरच कसली लाज?

तर झालं असं. पाचवा महिना नुकताच लागला होता. एका सकाळी आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. नको त्या जागी. बारीक, खरखरीत, तांदळाच्या कणीएवढं. एक नाही, तीन-चार. दुखत नव्हतं, फारशी खाजही नव्हती. पहिला विचार, मूळव्याध असेल, गरोदरपणात होते म्हणतात. दुसरा विचार, घामोळं असेल. तिसरा विचार सुचायच्या आत मीटिंगची वेळ झाली आणि मी ऑफिसला पळाले.

ऑफिसात मी ते केलं जे कुणीच करू नये. लॅपटॉप भिंतीकडे वळवला आणि नेटवर शोधत बसले. पहिल्या पाच मिनिटांत मला कॅन्सर झाला होता. दहाव्या मिनिटाला बाळाच्या घशात गाठी झाल्या होत्या. पंधराव्या मिनिटाला आमचा घटस्फोट होऊन मी माहेरी पोचले होते. तेवढ्यात मागून टीम लीडचा आवाज आला, "काय गं, रिपोर्ट आला का?" मी केवढ्यांदा दचकले! त्याला बिचाऱ्याला क्लायंटचा रिपोर्ट हवा होता.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. आमच्या गायनॅक बाई साठीच्या पुढच्या आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं एकदम घरातल्यासारखं. त्यांनी तपासलं, ग्लोव्हज काढले, हात धुतले आणि म्हणाल्या, "चामखीळ आहे गं. हातावर, मानेवर येते ना, तिचीच चुलत बहीण. एचपीव्ही नावाच्या व्हायरसने येते. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. शरीरसंबंधातून पसरतो." त्यापुढे त्या बरंच काही बोलल्या असणार. मला शेवटच्या दोन शब्दांनंतरचं काही ऐकू आलंच नाही.

बाहेर नवरोबा सोनोग्राफीची फाइल मांडीवर घेऊन बसला होता. "काय म्हणाल्या?" "घरी गेल्यावर सांगते." रिक्षात दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

घरी सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे... कुणाकडून?"

त्याला तसं म्हणायचं नव्हतं, असं तो आजही म्हणतो. पण प्रश्न एकदा घरात आला की बाहेर जात नाही. लग्नाला चार वर्षं झाली. लग्नाआधी मला एक बॉयफ्रेंड होता, हे त्याला माहीत आहे. तो बेंगळुरूला तीन वर्षं होता आणि तिथे 'कुणीतरी' होती, हे मला माहीत आहे. आम्ही मॉडर्न कपल, सगळं एकमेकांना सांगून झालेलं! पण त्या रात्री दोघांच्याही डोक्यात एक्सेल शीट उघडली. ते कधी संपलं? हे कधी सुरू झालं? मागच्या वर्षी तो हैदराबादला तीन आठवडे होता, तिथे काय? आणि मी ऑफिसच्या टीमबरोबर गोव्याला गेले होते, हे त्याच्याही डोक्यात आलं असणारच. नवरोबा हॉलमध्ये मॅच बघता बघता तिथेच झोपला. मॅच आदल्या दिवशीची होती.

पुढचे दोन दिवस आमच्यात फक्त "दूध आणलंस का" आणि "गॅस बंद केलास का" एवढंच बोलणं झालं. पोटात बाळ लाथा मारायला शिकत होतं आणि आई-बाप एकमेकांकडे संशयाने बघत होते. तिसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्याला घेऊन ये. हे सगळीकडे असंच होतं."

केबिनमध्ये त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "पोलीस स्टेशनात बसल्यासारखे काय बसलाय?"

नवरोबाने तयारी करून आणलेला प्रश्न टाकला. "मॅडम, तिसऱ्या महिन्यात सगळ्या टेस्ट केल्या होत्या. एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी. सगळं नॉर्मल होतं. मग हे नंतर आलं का?"

"त्या यादीत एचपीव्ही नसतो हो. तेव्हा होता की नव्हता, कुणी बघितलंच नाही."

मग त्यांनी जे समजावलं, ते मी शक्य तेवढं जसंच्या तसं देते. कारण माझ्या लॅपटॉपने मला हे त्या क्रमाने सांगितलं नव्हतं.

या व्हायरसचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले चाळीसएक जननेंद्रियांच्या भागात राहतात. ६ आणि ११ नंबरचे प्रकार चामखिळी आणतात, अशा दहातल्या नऊ चामखिळींच्या मागे हेच दोघं असतात. कॅन्सरशी संबंध असलेले वेगळे. त्यातले १६ आणि १८ हे बडे गुन्हेगार, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के त्यांच्या खात्यावर. म्हणजे माझ्या चामखिळीचा कॅन्सर होणार, हे जे मी पहिल्या पाच मिनिटांत ठरवलं होतं, ते दोन वेगळ्या चुलत भावांची गल्लत होती. (अर्थात एकीच्या अंगात एकाहून जास्त प्रकार असू शकतात, म्हणून तपासणी करायचीच. ते पुढे येतंय.)

आणि हा व्हायरस सर्दीसारखा कॉमन आहे. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. दहातल्या नऊ जणांचं शरीर त्याला दोनेक वर्षांत आपलं आपण आवरतं. लक्षण काही नसतं, त्यामुळे आला कधी आणि गेला कधी, पत्ताही लागत नाही. कॅनडात माँट्रियलला १०५० गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत त्यातल्या सुमारे ४० टक्के बायकांत कुठला ना कुठला एचपीव्ही सापडला. शंभरात चाळीस! आमच्या ऑफिसच्या बसमध्ये मला एकटीलाच असल्यासारखं वाटत होतं, त्याला काय म्हणायचं?

"पण चार वर्षांनी?" नवरोबाचा मुद्दा तोच.

"चार काय, त्याहून जास्तसुद्धा," डॉक्टर म्हणाल्या. चामखीळ सहसा लागण झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसते, पण कधी कधी व्हायरस वर्षानुवर्षं कातडीत गप्प पडून राहतो. मग गरोदरपण येतं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे शरीराच्या दृष्टीने अर्धं परकं. त्याला हाकलून लावू नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती आपली वागणूक बदलते. हार्मोन्स वाढतात, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, ओलावा वाढतो. इतके दिवस कोपऱ्यात बसलेला पाहुणा नेमका तेव्हा उठून उभा राहतो. काहीजणींच्या चामखिळी या दिवसांत फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वाढतात, हात लागला तरी रक्त येतं. आणि बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप ओसरतात.

नवरोबा म्हणाला, "मग माझी टेस्ट करा. कळेल तरी."

"पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त टेस्टच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बायकांची आहे, ती कॅन्सरचा धोका बघायला. कुणी कुणाला आणि कधी दिला, हे ती टेस्टही सांगत नाही. तुला आधीच्या मुलाकडून आला असेल, त्यांच्याकडे आधीच्या मुलीकडून आला असेल, तुमच्यापैकी कुणालाही कधी चामखीळ आली नसेल. याचं उत्तर जगातल्या कुठल्याच लॅबमध्ये मिळणार नाही. तुम्हाला भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण व्हायरसला मध्ये घेऊ नका."

नवरोबा इंजिनिअर आहे. लॉग फाइलच नसलेली सिस्टिम त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तो जो गप्प झाला तो खुर्चीतच थोडा सैल झाला. टेबलाखालून त्याने माझा हात धरला. डॉक्टरांनी न बघितल्यासारखं केलं.

धोका कुणाला जास्त? तेही विचारून घेतलं, कारण आम्हा नेटवर वाचणाऱ्यांना यादी लागतेच. पंचविशीच्या आतलं वय. शरीरसंबंध फार लहान वयात सुरू होणं. आपले किंवा जोडीदाराचे आधीचे जोडीदार जास्त असणं, आणि यातला 'किंवा' नीट वाचा. सिगारेट. एचआयव्ही असणं किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं. बरोबरीने दुसरं एखादं गुप्तांगाचं इन्फेक्शन असणं. काँडोमने धोका कमी होतो पण संपत नाही, कारण हा कातडीला कातडी लागून पसरतो आणि काँडोम सगळी कातडी झाकत नाही. आणि यातलं काहीही नसताना, एकच जोडीदार असतानाही होऊ शकतो. आपल्याकडे कितीतरी बायकांच्या बाबतीत जोखमीचा घटक एकच असतो, तो म्हणजे मंगळसूत्र. (हे वाक्य माझं. डॉक्टर असं बोलत नाहीत.)

आता बाळ. माझा खरा जीव तिथे अडकला होता. नवऱ्याशी भांडता तरी येतं, बाळाला काय सांगणार?

बाळंतपणात आईकडून बाळाला हा व्हायरस लागू शकतो, हे खरं. माँट्रियलच्याच अभ्यासात जन्मानंतर साधारण ७ टक्के बाळांत तो सापडला. पण सहा महिन्यांच्या तपासणीत त्यातल्या एकाही बाळात तो उरला नव्हता. घशातल्या गाठींचं जे मी वाचलं होतं, तेही खोटं नाही. स्वरयंत्रात चामखिळी येणारा एक आजार असतो, तोही ६ आणि ११ मुळेच. त्यात मुलांचा आवाज घोगरा होतो, श्वासाला त्रास होतो, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं करावी लागतात. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईला अशा चामखिळी असलेल्या दर हजार बाळंतपणांमागे ७ मुलांना तो झाला होता. मी हा आकडा ऐकून रडले. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हजारातल्या उरलेल्या ९९३ कडेही बघ ना जरा."

मी म्हटलं, मग सीझरच करा. आजच तारीख ठरवा! पण त्याच अभ्यासात सीझरने बाळाचं संरक्षण होतं, असं काही दिसलं नव्हतं. म्हणून केवळ चामखीळ आहे म्हणून सीझर करत नाहीत. त्या इतक्या वाढल्या की बाळाची वाटच अडली, किंवा फार रक्तस्राव व्हायची भीती असेल, तरच. माझ्या तांदळाच्या कण्या वाट अडवण्याच्या लायकीच्या नाहीत, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं. अंगावर पाजायलाही काही हरकत नाही.

उगाच सगळं गोड गोड सांगायचं नाही म्हणून हेही लिहिते. माँट्रियलच्याच गटाने २०२१ मध्ये ८९९ बायकांची पाहणी मांडली होती. ज्यांच्यात १६ किंवा १८ नंबरचा प्रकार गरोदरपणात टिकून राहिला, त्यांच्यात बाळ दिवसांच्या आधी जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसलं. व्हायरसमुळेच तसं होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण डॉक्टरांनी तपासणीच्या तारखा चुकवू नकोस असं दोनदा बजावलं, आणि मी तारखा चुकवणाऱ्यांतली आहे हे त्यांना ठाऊक आहे.

उपचाराचं एक महत्त्वाचं. चामखिळीसाठी जी औषधं एरवी सर्रास वापरतात, त्यातली काही गरोदरपणात चालत नाहीत. पोडोफायलिन हे त्यातलं मुख्य, आणि इमिक्विमॉडचं क्रीमही टाळतात. म्हणजे ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ड्रॉवरमधली ट्यूब उसनी घ्यायची नाही, कोपऱ्यावरच्या केमिस्टला "चामखिळीचं काहीतरी द्या" म्हणायचं नाही, आणि चुना-लसूण तर नाहीच नाही! माझ्या बाबतीत लिक्विड नायट्रोजनने गोठवायचं ठरलं. गरोदरपणात ते चालतं. पहिलं सिटिंग झालंय. कसं वाटतं? बर्फाच्या सुईने टोचल्यासारखं, मग दोन दिवस चुरचुर. नवरोबा आत यायचा हट्ट धरून आला आणि नायट्रोजनचा तो पांढरा धूर बघून त्यालाच खुर्चीत बसवावं लागलं.

त्याच वेळी पॅप स्मीअरही झाली. हो, गरोदरपणात करता येते. नंतर एखाद-दुसरा रक्ताचा डाग दिसला तर घाबरायचं नाही, एवढंच. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. नसता आला तर दुर्बिणीतून बघतात आणि कॅन्सर नसेल तर पुढचा उपचार सहसा बाळंतपणानंतर करतात. तिथेच गोची होते. बाळ झालं की आईच्या फाइलवर धूळ बसते, सगळं घर लंगोट आणि लसीकरणाच्या मागे. म्हणून मी बाळंतपणानंतरच्या तपासणीचं रिमाइंडर आत्ताच नवरोबाच्या फोनमध्ये टाकलंय. माझ्या फोनवर माझा भरवसा नाही.

लस मला आत्ता घेता येणार नाही, गरोदरपणात ती देत नाहीत. (दिवस गेलेत हे कळायच्या आत घेतली असेल तर घाबरू नका, फक्त पुढचा डोस नंतर घ्या.) आणि अंगात असलेल्या व्हायरसवर ती औषध नाही. पण धाकटी नणंद बावीसची आहे. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली, ६, ११, १६, १८ अशा चारही प्रकारांवर चालते, मुलींना आणि मुलांनाही, ९ ते २६ वयात. मी नणंदेला फोन केला. "वहिनी, पण आईला काय सांगू?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मी सांगते. अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंचा मूड बघून सांगीन.

माझ्या आईला मात्र सांगितलं. तिला माझ्या 'हॅलो' वरूनच काहीतरी कळलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "जावईबापू नीट वागतायत ना?" म्हटलं, वागतायत. मग धीर करून विचारलं, "आई, तुझी कधी अशी तपासणी झालीये?" ती सत्तावन्नची आहे. "मला काय धाड भरलीये?"

तिचं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, तेव्हाच्या उस्मानाबादचं. म्हणून तिला तिच्याच मुलखातली गोष्ट सांगितली. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी १९९९ पासून तिथल्या खेड्यापाड्यांत एक मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी फक्त एकदा केली, त्या गटात या कॅन्सरने जाणाऱ्या बायकांचं प्रमाण कुठलीच चाचणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आलं. २००९ मध्ये ते सगळ्या जगाने वाचलं. आणि देशात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरने सुमारे ८० हजार बायका गेल्या, असा अंदाज आहे.

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन कटली.

"आमच्या थोरल्या वहिनी त्यानेच गेल्या," आई म्हणाली. "तेव्हा सगळे म्हणायचे, अंगावरून जात होतं, लाजेपायी बोलल्या नाहीत."

मला थोरल्या मामी आठवतात त्या फक्त दिवाळीच्या अनारशांवरून. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"तुझं ते दुसरं सिटिंग शुक्रवारी आहे ना?" तिने विचारलं. "मग त्याच रिक्षात मीही येते. दोन फेऱ्यांचे पैसे कशाला घालवायचे?"

सकाळी साडेनऊची अपॉइंटमेंट आहे. नवरोबाने हाफ डे टाकलाय.